फॉरवर्ड केलेलं बेट

दादा-वहिनींचं मालदीवचं बुकिंग मी रद्द करायला लावलं, हा विषय आमच्या घरात अजून अधूनमधून निघतो. निघायलाच हवा.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी नको ते लिहिलं. त्यांचं निलंबन झालं, पण तोवर आपल्याकडे ‘मालदीव नको, लक्षद्वीप’ असं वारं सुटलं होतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर ते माझ्याच अंगात शिरलं. दिवसाला आठ-दहा फॉरवर्ड. दादा-वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि मार्चमधले चार दिवस मालदीवला ठरले होते. ‘तिकडे पैसे ओतायचे आणि आपली बेटं ओस पाडायची?’ असं मी लिहिलं. वर तिरंगाही टाकला. वहिनी वाद घालत नाहीत. त्यांनी बुकिंग रद्द केलं, आगाऊ भरलेल्यातले काही पैसे बुडाले, आणि त्या एवढंच म्हणाल्या, “आता भाऊजी, लक्षद्वीपचं तुम्हीच बघा.”

बघायला बसलो तेव्हा कळलं की मी नकाशाच पाहिला नव्हता. लक्षद्वीप म्हणजे गोव्याहून थोडं खाली, असा माझा समज. निघालं कोचीपासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर आत, समुद्रात. विमान उतरतं ते एकट्या अगत्तीवर, जहाजाने जायचं तर कोचीहून चौदा ते अठरा तास, आणि जायच्या आधी प्रवेशाचा परवाना. तेव्हा त्या परवान्याला मी ‘सरकारी खोडा’ म्हटल्याचं आठवतं.

एवढं सगळं जमवता आलं असतं. मी अडकलो ‘ओस’ या शब्दापाशी. सगळ्या बेटांची मिळून जमीन जेमतेम बत्तीस चौरस किलोमीटर, वस्तीची बेटं दहा, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं ६४,४७३. चौरस किलोमीटरला दोन हजारांवर! त्याच जनगणनेत आपल्या महाराष्ट्राचा आकडा ३६५ आहे. मी ज्याला ओस म्हणत होतो तिथे दाटीवाटीने लोक राहत होते. माझ्या फॉरवर्डमधल्या एकाही फोटोत त्यांच्यापैकी कुणी नव्हतं, नुसतं निळं पाणी.

आणि पाणी. तिथे ना नदी, ना डोंगर. प्रवाळाच्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्यावर तरंगत राहतं, मिसळीवर तर्री तरंगावी तसं. विहिरी त्या थरापर्यंतच. तर्रीच्या हावेपोटी पळी खोल घातली की रस्साच वर येतो. इथे पंप जोरात चालवला की विहीर खारी होते. तिथल्या कवरत्ती बेटावर २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. साडेतीनशे मीटर खोलीवरचं थंडगार पाणी वर ओढायचं, वरच्या कोमट पाण्याची निर्वात टाकीत वाफ करायची आणि त्या थंडाव्यावर ती निववायची. डोकेबाज काम आहे. पण सुरुवातीची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. आमच्या सोसायटीत मे महिन्यात दहा हजार लिटरचे टँकर येतात, म्हणजे तसे दहा टँकर. कवरत्तीची वस्ती अकरा हजारांवर. माणशी नऊ लिटर. मी शॉवरखाली उभा राहून ‘चलो लक्षद्वीप’ म्हणत होतो, तेवढ्यातच नऊ लिटर गेले असतील.

इथे माझं मत फिरलं. पण खरं सांगायचं तर फिरताना ते फार प्रामाणिक नव्हतं. तावातावाने बोलायला मला नवा विषय मिळाला होता. पुढच्या आठवड्यात मी ग्रुपवर त्याच जोराने लिहायला लागलो : ‘लक्षद्वीपला गर्दी करू नका.’ टँकरचा हिशेबही दिला. तिरंगा तेवढा वगळला.

वहिनींनी जेवताना विचारलं, “भाऊजी, मग मालदीवला काय नद्या वाहतात?”

नाहीत. तिथेही तीच वाळू, तोच पातळ थर. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी-प्रकल्पाला आग लागली तेव्हा अख्ख्या राजधानीचे नळ कोरडे पडले होते आणि भारताने विमानांनी नि जहाजांनी पिण्याचं पाणी पोचवलं होतं. शोधत गेलो तर आणखी एक सापडलं. मिनिकॉय हे लक्षद्वीपचं दक्षिणेचं टोक. तिथून कवरत्तीपेक्षा मालदीवचं उत्तर टोक जवळ आहे, आणि तिथले लोक जी महल भाषा बोलतात ती मालदीवच्या धिवेहीचीच बोली. ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ अशी फॉरवर्डमध्ये ठळक आखलेली रेघ तिथल्या घरांमध्ये बोलण्यात तरी कुठे उमटत नसणार.

फरक आहे तो वेगळाच. मालदीवमध्ये बाराशेच्या आसपास बेटं, त्यातली वस्तीची दोनेकशे. तिथे रिसॉर्ट बहुधा रिकाम्या बेटावर उभं राहतं आणि आपलं पाणी आपणच करतं. त्यासाठी डिझेल जळतं, हे काही पुण्याचं काम नव्हे. पण पाहुण्याची अंघोळ कुणाच्या विहिरीतून येत नाही. लक्षद्वीपच्या वस्तीच्या बेटावर ती येऊ शकते. ज्या परवान्याला मी खोडा म्हणालो, तो आता मला दाराच्या कडीसारखा वाटतो.

मध्यममार्ग म्हणून मी जहाजाची सहल सुचवली. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय, दिवसा बेटावर आणि रात्री झोपायला जहाजावर. दादाला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातानाच उलट्या होतात. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

पंचविसावा वाढदिवस दापोलीत झाला. सव्विसाव्याला वहिनींनी मालदीवची तिकिटं काढली, या वेळी मला न विचारता, आणि ग्रुपवर फोटो टाकला. मी खाली अंगठा टाकला.

“भाऊजी,” वहिनींनी लिहिलं, “हा होकाराचा, की दाखवलेला?”