माटोळीखालचं तोरण

चवथीच्या आदल्या रात्री माटोळी बांधून झाली की बाबा दिव्यांचं तोरण काढायचे. त्या वर्षी ते पेटेना. बारके बल्ब एकाच तारेत एकामागोमाग ओवलेले; एक गेला की सगळेच विझतात. ‘करंटच येत नाही’ म्हणत बाबा बटण चालू ठेवूनच एकेक बल्ब काढून पाहू लागले. नुकतीच पुसलेली ओली जमीन, अनवाणी पाय. एका होल्डरमध्ये बोट गेलं आणि बाबा मागे फेकले गेले. वाचले, पण हात दोन दिवस बधिर होता.

मी तेव्हा आठवीत होतो. बाबा म्हणाले ते खोटं नव्हतं. तोरणातून करंट वाहत नव्हताच. मग शॉक कसला बसला?

उत्तर मला पुढे कुळागरात सापडलं. पाटाचं तोंड मातीने बुजवलं की खालचं पाणी थांबतं, पण वरचं तुंबलेलं पाणी मातीला रेटतच असतं. वाहणं वेगळं, रेटा वेगळा. तारेत वाहतात ते इलेक्ट्रॉन. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे 6 वर 18 शून्यं इतके. हा झाला प्रवाह. आणि व्होल्ट म्हणजे रेटा. बल्ब गेला तेव्हा प्रवाह थांबला, घरातला 230 व्होल्टचा रेटा मात्र तुटलेल्या जागी तसाच उभा होता.

गंमत म्हणजे हे इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे जात नाहीत. घरच्या विजेत तर जागच्या जागी मागेपुढे डुलतात. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण तार आधीच त्यांनी भरलेली असते. रेटा तेवढा क्षणात पोचतो.

पाटाचा दाखला एका जागी मात्र फसतो. पाट फुटला की पाणी सांडतं; तुटलेल्या तारेतून वीज सांडत नाही. तिला परतीची वाट लागते. ती वाट त्या रात्री बाबांच्या शरीराने आणि ओल्या जमिनीने दिली.

शंभर वॅटच्या बल्बमधून अर्ध्या अँपिअरला थोडा कमी प्रवाह जातो. माणसाच्या जिवावर बेतायला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. म्हणून घरात आता 30 मिलिअँपिअर गळतीला तुटणारं ईएलसीबी बसवलंय.

बाबा आज नाहीत. तोरण मी लावतो. पुतण्या म्हणतो, ‘काका, करंट नाही.’ मी आधी प्लग काढतो, मग बल्बला हात लावतो.