औशाचा किल्ला आणि विद्यापीठाचा दरवाजा

लातुराहून दक्षिणेच्या वाटेने सुमारे २० किलोमीटर गेले, की औसा लागते. गावचा भुईकोट किल्ला प्रवाशास दुरून दिसत नाही. तो सखल जागी बांधलेला असून सभोवारची जमीन उंच आहे; त्यामुळे येणाऱ्यास किल्ल्याचा सुगावा लागू नये, परंतु आतील उंचवट्यावरील पहारेकऱ्यास येणारे सैन्य दिसावे, अशी ही रचना आहे. रुंद खंदक आणि भक्कम तट पाहून मन थक्क होते.

या किल्ल्याशी दोन परक्या पुरुषांची नावे निगडित आहेत. पहिला बहमनी वजीर महमूद गावान. किल्ला त्याच्या काळचा मानतात. इराणातील गीलान प्रांतातून आलेल्या या गृहस्थाचे दक्षिणेत गणगोत नव्हते. तरी तो वजिरीपर्यंत चढला आणि १४७२ मध्ये बीदर येथे त्याने मोठा मदरसा उभारला. दुसरा मलिक अंबर. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मनुष्य पुढे निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. त्याने औसा जिंकून त्यास अंबरापूर असे नाव दिले होते, असे सांगतात. दोघांच्याही पाठीशी कुळ नव्हते, केवळ कर्तृत्व होते.

वंशपरंपरेचे उदात्त रूपही याच गावी पाहावयास मिळते. येथील वीरनाथ महाराजांचे मंदिर त्यांचे पुत्र मल्लिनाथ महाराज यांनी बांधविले. नाथ संस्थानाची गादी आणि चक्रीभजनाची रीत त्याच कुळात चालत आली आहे. तेथे वारसा म्हणजे व्रत होय. पित्याचे भजन पुत्राने चालविले, तर त्यात दुसऱ्या कोणाचा घास हिरावला जात नाही. विद्यालयातील जागेची गोष्ट मात्र निराळी. ती एकास दिली, की दुसऱ्याची गेलीच.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त आज अमेरिकेत आहेत. तेथील कित्येक नामांकित विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांस प्रवेशाच्या वेळी झुकते माप मिळते. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात उघड झाले, की अशा अर्जदारांपैकी शेकडा ३३ च्या आसपास मुले घेतली जात, आणि इतरांपैकी अवघी ६. या प्रथेविरुद्ध तेथेही लोकमत जागे झाले असून कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांसही तिची बंदी केली.

औशाच्या मुलास असे नाते कोठून असणार? निजामी राजवटीत पदवीसाठी हैदराबादचे १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथे शिक्षण उर्दूतून. नाहीतर पुण्याची वाट. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ औरंगाबादेत १९५८ मध्ये लाभले, आणि नांदेडचे त्याहून जवळचे विद्यापीठ १९९४ मध्ये. जुन्या काळी परगावी शिकणाऱ्यास नातेवाइकाचा उपयोग होई तो पडवीत पथारी टाकण्यास, किंवा चार घरी वार लावून देण्यास. नात्याने अन्न मिळे. वर्गातील जागा विद्यार्थ्याने स्वतः मिळवावी.

आज वैद्यकीय प्रवेश देशव्यापी परीक्षेच्या गुणक्रमाने होतात. महाराष्ट्रातील ७०:३० ही विभागवार वाटणीदेखील २०२० मध्ये रद्द झाली. तरीही नात्यास एक खिडकी उरली आहे. खासगी महाविद्यालयांतील अनिवासी भारतीयांच्या जागांस सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात, शेकडा १५ ची मर्यादा घातली आणि त्या खऱ्या अनिवासींच्याच मुलांस मिळाव्यात असे बजावले. पुढे २०२४ मध्ये पंजाब सरकारने ही व्याख्या काका, मामा, आत्या, मावशी यांच्यापर्यंत ताणली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तर या प्रकारास फसवणूकच म्हटले.

एकत्र कुटुंबात वाढलेल्यांनी हा शब्द मनावर घ्यावा. परदेशस्थ मामाने भाच्याचे शुल्क भरावे, यात वावगे काय? ते आपले कर्तव्यच आहे. परंतु कागदोपत्री त्याचे पालकत्व घेऊन अधिक गुणांच्या मुलास मागे सारणे, हे प्रेम खासच नव्हे. गुणक्रमही सर्वस्वी निःपक्षपाती असतो असे नाही. लातुरात खोली घेऊन शिकवणीचा खर्च सोसणारे घर ज्याच्या पाठीशी आहे, तो आधीच चार पावले पुढे असतो. म्हणूनच ज्यांची ऐपत आहे, त्यांनी आपल्या भाच्याबरोबर गावातील एखाद्या अशा मुलाचीही सोय पाहावी, की ज्यास असा मामा नाही. वार लावून शिकलेल्या पूर्वजांचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.