बाबांचं करंट व्हर्जन

रविवारी सकाळी दहाला सांगलीला फोन करायचा, हा आपला फिक्स प्रोग्रॅम. मी विचारते, 'बाबा, कसे आहात?' ते म्हणतात, 'मला काय धाड भरलीय!' मग पाऊस, गेलेली लाइट, शेजारच्यांचं लग्न... पाच मिनिटांत ड्यूटी खलास, की मी परत पांघरुणात!

मागच्या महिन्यात मात्र फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, 'अगं, ते तुझं गोळ्यांचं अ‍ॅप बिघडलंय बहुतेक. परवापासून वाजलंच नाही.'

'मग गोळी?'

'राहिली.'

बीपीची गोळी. दोन दिवस. माझी झोप सॉल्लिड उडाली.

आई होती तोवर बाबांना गजर लागत नव्हता. चहाच्या कपाशेजारी गोळी हजर असायची. ती गेल्यावर मी त्यांच्या फोनवर हे अ‍ॅप टाकलं. माझी रूममेट आणि तिच्या दोन मित्रांनी मिळून बनवलेलं. 'आता काळजी मिटली' असं मी सगळ्यांना सांगत सुटले. खरं सांगू? काळजी मिटली नव्हती, मी ती आउटसोर्स केली होती.

आधी डॉक्टरांना फोन. त्यांनी बीपी मोजायला लावलं, आजची गोळी घ्या म्हणाले आणि राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका असं बजावलं. मग रूममेटला गदागदा हलवलं. डोळे चोळत ती म्हणाली, 'काकांच्या फोनवर व्हर्जन कुठलं आहे?'

इथे माझा जीव टांगणीला आणि हिला व्हर्जन सुचतंय! पण विचारलं. बाबांनी सेटिंग्ज उघडलं, अ‍ॅपच्या माहितीत जाऊन अगदी तळाशी पाहिलं आणि वाचलं, 'एक पॉइंट दहा पॉइंट शून्य.' म्हणजे एकदम लेटेस्ट. तरी अ‍ॅप उघडलं की 'कृपया अपडेट करा' अशी पाटी. बटण दाबलं की प्ले स्टोअर, आणि तिथे फक्त 'उघडा'. पाटी हटेना, त्यामुळे नव्या गजरांची लिस्ट लागेना.

'किमान कितीचं व्हर्जन लागतं?' बाबांनी विचारलं. '१.९.०,' रूममेट म्हणाली. बाबा गणिताचे रिटायर्ड मास्तर. लगेच म्हणाले, 'मग बरोबर आहे की! एक दशांश दहा म्हणजे एक दशांश एक. नऊपेक्षा लहानच!'

रूममेटने कपाळावर हात मारला.

झालं होतं असं. हे अ‍ॅप फ्लटरमध्ये लिहिलेलं, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही. त्यातल्या पबस्पेक नावाच्या फाइलमध्ये एक ओळ असते, १.१०.०+४२ अशी. अधिक चिन्हाच्या आधीचा भाग जगाला दाखवायचा, नंतरचा ४२ हा बिल्ड नंबर. फोनवर चढलेलं अ‍ॅप चालू झालं, की 'पॅकेज इन्फो प्लस' हे प्लगइन फोनलाच ही माहिती विचारतं. विचारणं बरोबर होतं, उत्तरही बरोबर होतं. घोळ झाला तुलनेत! व्हर्जनमधला पॉइंट हा दशांश चिन्ह नसतोच. तो नुसता कप्पे पाडतो. नऊनंतर दहा, इतकं सरळ. पण कोडने आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून तुलना केली. दहामधला पहिला १ आणि समोर ९. एक लहान, म्हणून अ‍ॅप जुनं! १.९ पर्यंत हे कधी उघडं पडलंच नाही, आणि टेस्टिंगच्या वेळी हा चेक बंद ठेवलेला.

रूममेटने सर्व्हरवरची किमान अट १.०.० केली आणि पाटी गायब. पुढच्या रिलीजमध्ये तिने तुलना बिल्ड नंबरवर नेली. तो साधा पूर्णांक, आणि प्ले स्टोअरवर प्रत्येक नव्या अपलोडला तो वाढवावाच लागतो. पाटीखाली आता बारीक अक्षरात व्हर्जनही दिसतं.

बाबा ठीक आहेत. पण माझ्या डोक्यात ते अधिक चिन्ह अडकून बसलं. 'मला काय धाड भरलीय' हे बाबांचं जगाला दाखवायचं व्हर्जन. दर रविवारी मी तेवढंच वाचून फोन ठेवत होते. रोज बदलणारा आकडा त्याच्या पलीकडे होता, आणि तो मी कधी विचारलाच नाही.

हल्ली 'कसे आहात' विचारत नाही. 'काल रात्री काय जेवलात? बीपी किती आलं? झोप लागली का?' असं विचारते. परवा म्हणाले, 'रात्री दोनला जाग येते गं. मग चहा करतो. चुकून दोन कप होतात.'

फोन पाऊण तास चालला. पांघरूण गेलं खड्ड्यात!