चाकाची चमक आणि धुणाऱ्याचे हात

आपल्या वस्त्यांतून चारचाकी गाडी ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कुणी कर्ज काढून टुरिस्टची गाडी घेतो, कुणी सेकंडहँड घेऊन म्हाताऱ्या आईबापांना गावी नेऊन आणतो. गाडी दाराशी उभी राहिली की शेजारीपाजारी आधी चाकांकडे पाहतात. "अलॉय आहेत वाटतं!" असे कुणी म्हणाले की मालकाला बरे वाटते. पुढे सहा महिन्यांत त्याच चाकांवर तपकिरी ठिपके पडतात, पांढुरके डाग उठतात. मग दुकानाच्या चकरा सुरू होतात आणि दुकानदार हातात देईल ती बाटली घरी येते.

ही बाटली कशी निवडावी यावर चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते. विषय किरकोळ वाटेल. पण त्यात घामाचा पैसा आहे आणि माणसांचे हातही आहेत. म्हणून वाचक बंधू-भगिनींनी हा मजकूर शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

मी स्वतः गाडी चालवत नाही. कुर्ल्याच्या एका कारखान्यात प्लेटिंग खात्यात मी चोवीस वर्षे काढली. कोणता धातू कोणत्या टाकीत किती वेळ बुडवायचा, कशाने तो खातो आणि कशाने टिकतो, हे पुस्तकातून नव्हे तर हाताने शिकलो. मुलगा टुरिस्ट परवान्याची जुनी गाडी चालवतो. विमानतळ, अलिबाग, शिर्डी, मिळेल तिकडे भाडे मारतो. गिऱ्हाईक गाडीत बसण्याआधी गाडी बाहेरून बघते, त्यामुळे चाके स्वच्छ असणे हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे. एके दिवशी तो म्हणाला, "पप्पा, दुकानदार म्हणतो चाकांना सिरॅमिक मारून घ्या, मग पाच वर्षं बघायला नको. सहा हजार सांगतोय." त्या महिन्याचा हप्ता अजून जायचा होता. मी म्हटले, "अरे, आधी चाक कशाचं आहे ते तर बघू. मग त्याला काय लावायचं ते ठरवू."

अलॉय म्हणजे मिश्रधातू. आजच्या बहुतेक अलॉय चाकांत मुख्य धातू ॲल्युमिनियम असतो, त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि थोडेसे मॅग्नेशियम असते. ही चाके आधी शर्यतीच्या गाड्यांना आली. १९२४ साली बुगाटी कंपनीने आपल्या टाइप ३५ या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके बसवली होती. आज तीच गोष्ट आपल्या गल्लीतल्या गाडीला लागली आहे.

ॲल्युमिनियमचा स्वभाव आपल्या घरातल्या बायकांना चांगला ठाऊक आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचे सार कुणी ठेवत नाही, आणि पातेले धुण्याच्या सोड्यात उकळले तर ते काळे पडते. या धातूवर हवेतच एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. तो थर त्याला राखतो. पण आंबट म्हणजे आम्ल आणि सोडा म्हणजे क्षार, दोन्ही हा थर खातात. आमच्या कारखान्यात कॉस्टिकच्या टाकीत ॲल्युमिनियमचा तुकडा टाकला की तो फसफसायला लागे. म्हणूनच कंपनी चाकाला रंग देते आणि त्यावर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लॅकर मारते. चाकाचे खरे चिलखत हे लॅकर. आपण वरून जे सीलंट लावतो ते त्या चिलखतावरचा सदरा आहे. सदरा मळला तर बदलता येतो. चिलखत फाटले तर सदऱ्याने ते सांधत नाही.

आता हे चिलखत कशाने खराब होते? पहिला शत्रू म्हणजे ब्रेकचा चुरा. ब्रेकची डिस्क बिडाची असते. पॅड तिच्यावर घासले की पॅडचा आणि डिस्कचा बारीक चुरा उडतो. त्यातले लोखंडाचे कण तापलेले असतात. ते लॅकरमध्ये रुततात आणि पाणी लागले की तिथेच गंजतात. तपकिरी ठिपके ते हेच. पुढच्या ब्रेकवर जास्त जोर येतो, म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा लवकर काळवंडतात. दुसरा शत्रू म्हणजे समुद्रकाठची खारी हवा. तिसरा बोअरिंगचे जड पाणी, जे वाळले की पांढरे डाग ठेवते. चौथा रस्त्याचे डांबर. आणि पाचवा शत्रू माणसाने स्वतः आणलेला आहे, तो म्हणजे तेजाबाचे पाणी. त्याच्याकडे पुढे येतो.

बाजारात चाकावर लावायला मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला मेण. त्यातले नावाजलेले कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. झळाळी छान येते. पण ते साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळते आणि चाक तर ब्रेकच्या शेजारीच तापत असते. घाट उतरणाऱ्या गाडीच्या चाकावर मेण फार दिवस टिकत नाही.

दुसरा प्रकार कृत्रिम सीलंट. हे पॉलिमरचे असते, मेणापेक्षा उष्णता जास्त सोसते आणि पाणी व साबण यांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. बेताचे धुणे असेल तर दोन-तीन महिने काम देते. बाटली काही शे रुपयांत येते, एका वेळी अगदी थोडे लागते आणि घरच्या घरी लावता येते.

तिसरा प्रकार सिरॅमिक कोटिंग. यात सिलिकाच्या जातीची रसायने असतात, ती लॅकरवर घट्ट धरतात आणि वाळून कडक होतात. नीट लावले तर वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकते, हे खरे आहे. पण त्याआधी चाक पूर्ण स्वच्छ लागते, जुने डाग निघालेले लागतात आणि लावणाऱ्याचा हात बसलेला लागतो. डाग तसाच ठेवून वरून कोटिंग मारले तर तो डाग आत कोंडला जातो. शिवाय फुटपाथला चाक घासले किंवा खडी लागली तर सिरॅमिकही काही करू शकत नाही. "पाच वर्षं बघायला नको" हे बोलणे दुकानाचे आहे, रस्त्याचे नाही.

मुलाची गाडी रोज रस्त्यावर असते, आठवड्याला दोनदा धुतली जाते आणि दर पावसाळ्यात खड्डे खाते. अशा गाडीला सहा हजारांच्या कोटिंगपेक्षा दर तीन महिन्यांनी घरी लावलेले साधे सीलंट परवडते, असा मी हिशेब मांडला. ज्याची गाडी झाकून उभी असते आणि हातात पैसा आहे, त्याने सिरॅमिक जरूर करावे. आपापल्या गाडीचे काम बघून ठरवावे, शेजाऱ्याच्या गाडीची चमक बघून नव्हे.

बाटली घेताना एक गोष्ट सांभाळावी. सीलंट हा शब्द दुकानात तीन-चार वस्तूंना वापरतात. मुलाने नुसते "व्हीलचं सीलंट द्या" म्हटले, तर दुकानदाराने टायरच्या आत सोडायचे पंक्चरचे पातळ औषध काढून दिले. म्हणून "अलॉयच्या बाहेरून लावायचं, चमक राखणारं" असे सांगून मागावे. टायरला काळी चमक आणणारे सिलिकॉनही वेगळे, त्याने चाक राखले जात नाही. गाडी रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसायची जुनी खोड आहे. तासभर चमकते, मग त्यावर धूळ बसते आणि टायरचे रबर खराब होते. चाकावर पांढऱ्या, अळीसारख्या वळवळत्या रेघा दिसत असतील, तर पाणी लॅकरच्या खाली शिरले आहे असे समजावे. विशेषतः लेथवर घासून चमक काढलेल्या डायमंड कट चाकांवर असे होते. त्याला कोणतेही सीलंट उपाय नाही, लॅकरच नव्याने करावे लागते.

आता भाच्याची हकिकत सांगतो. बहिणीचा मुलगा गाड्या धुण्याच्या एका सेंटरवर कामाला होता. तिथे चाके झटपट उजळावीत म्हणून बिनलेबलाच्या कॅनमधले पाणी ब्रशने लावत. हातमोजे दिलेले नव्हते. एका संध्याकाळी त्याच्या बोटांवर ते पाणी आले. तेव्हा काहीच वाटले नाही. रात्री दोन वाजता बहिणीचा फोन आला. पोरगा हात धरून रडत होता. मी गेलो तर नखांभोवतीची कातडी पांढरी पडलेली. "मामा, आग आतून होतेय, हाडात," असे तो म्हणाला. कारखान्यातली चोवीस वर्षे त्या क्षणी कामाला आली. हात वाहत्या पाण्याखाली धरायला लावला, तसाच रिक्षात घालून इस्पितळात नेला आणि डॉक्टरांना सांगितले की हे फ्लोराइडचे आम्ल असू शकते. उपचार झाले, बोटे वाचली. एक नख मात्र आजही वाकडे उगवते.

चाके उजळवायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते घाण झटक्यात काढते, पण लॅकर आणि धातूही खाते. माणसाच्या अंगावर त्याची रीत वेगळी आहे. ते कातडीतून आत मुरते, शरीरातले कॅल्शियम धरते आणि सौम्य असेल तर वेदना काही तासांनी सुरू होते. तोवर माणूस घरी जाऊन जेवून झोपलेला असतो. असे पाणी लागले तर दुखायची वाट बघू नये. लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि बाटली किंवा लेबलचा फोटो घेऊन इस्पितळ गाठावे. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात, हे डॉक्टरांना ठाऊक असते. फक्त आम्ल कोणते ते त्यांना कळले पाहिजे.

सांगायचा मुद्दा हा की, सीलंटचा खरा उपयोग चमकेत नाही. ज्या चाकावर सीलंट आहे त्यावर ब्रेकचा चुरा घट्ट बसत नाही, साध्या शाम्पूच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने निघतो. मग तेजाबाची गरजच उरत नाही. काही शे रुपयांची बाटली चाक तर राखतेच, धुणाऱ्याचे हातही राखते. मुलाने सीलंट घेतले ते याच एका कारणासाठी, आणि आता भाचाही दर तीन महिन्यांनी त्याला मदतीला येतो.

लावायची रीत सोपी आहे. गाडी चालवून आल्याबरोबर चाक धुवू नये, ते हाताला गार लागू द्यावे. चाकासाठी बादली आणि फडके वेगळे ठेवावे, नाहीतर चाकातले लोखंडाचे कण बॉडीवर ओरखडे काढतात. तपकिरी ठिपके असतील तर आम्ल नसलेला आयर्न रिमूव्हर मिळतो. लोखंड भेटले की तो जांभळा होतो आणि त्याला उग्र वास येतो. तोही हातमोजे घालून आणि उघड्यावरच वापरावा, चाकावर वाळू देऊ नये आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. चाक कोरडे करावे. मग स्पंजवर थोडेसे सीलंट घेऊन पातळ हात फिरवावा, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबावे आणि कोरड्या फडक्याने पुसून काढावे. ते पक्के होईपर्यंत चाकाला पाणी लागू देऊ नये. ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर आणि नटांच्या आट्यांवर सीलंट अजिबात जाऊ देऊ नये. चमकेपायी ब्रेक गमावणे कुणालाच परवडणार नाही. पुढे धुताना पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळले तर थर शाबूत आहे. पाणी पसरून चिकटले तर पुन्हा लावायची वेळ झाली.

ज्यांची मुले वॉशिंग सेंटरवर कामाला जातात त्या आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलगा घरी आला की त्याचे हात बघा. कॅनवर काय लिहिले आहे ते विचारा. लेबल नसलेल्या कॅनला हात लावू नकोस, असे त्याला बजावून सांगा. मालकाकडे हातमोजे आणि त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक मागण्यात लाज नाही, ते मागणे रास्त आहे. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती धुवायला देताना एक वाक्य बोलावे, "चाकाला तेजाब लावू नका, साध्या शाम्पूने धुवा, वेळ लागला तरी चालेल." एवढ्या एका वाक्याने आपले चाकही टिकेल आणि कुणाच्या तरी मुलाची बोटेही.