मुक्काम

परक्या गावी दोन दिवस राहणे फारसे कठीण नसते. त्या दोन दिवसांत गाव पाहुण्याकडून काही मागत नाही आणि पाहुणाही गावाकडून फारशी अपेक्षा करीत नाही. खरी कसोटी लागते ती मुक्काम लांबला म्हणजे. नळाला पाणी केव्हा येते, ताजी भाजी कोणत्या बोळात मिळते, शेजारच्या घरी दुपारी कोण निजलेले असते, या लहानसहान गोष्टी तेव्हा मोठ्या होतात. आरंभी मनुष्य दिवस मोजतो. पुढे केव्हातरी तो मोजणे विसरतो. ज्या दिवशी हा विसर पडतो, त्या दिवशी मुक्काम संपतो आणि वास्तव्य सुरू होते.

या विसराचा इतिहास पाहावयाचा असेल, तर मिरजेसारखे दुसरे गाव शोधून सापडणार नाही. कृष्णाकाठचे हे गाव महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या उंबरठ्यावर वसले आहे. येथल्या बाजारात मराठीच्या जोडीला कानडी सहज ऐकू येते. रेल्वेचे हे मोठे जंक्शन. एके काळी रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ येथे एकत्र येत. गाडी बदलण्यासाठी उतरावयाचे, पुढची गाडी येईपर्यंत वळकटीवर बसून राहावयाचे आणि निघून जावयाचे, असा जंक्शनाचा धर्म. तथापि मिरजेत उतरलेल्या काही जणांची पुढची गाडी कधी आलीच नाही.

दुखणे घेऊन येणाऱ्यांचा ओघ तर येथे शतकाहून अधिक काळ चालू आहे. आजही इस्पितळांच्या आसपासच्या गल्ल्यांतून रुग्णांचे नातेवाईक खोली घेऊन राहतात. पहिल्या दिवशी त्यांची पिशवी बांधलेलीच असते. आठवड्याने तीतून तवा बाहेर येतो, दोरीवर लुगडे वाळू लागते. महिन्याने नव्याने आलेल्या दुसऱ्या कुणाला, औषधाचे दुकान कोठे आहे, हे तीच माणसे हात करून दाखवितात. कालचा परका आज वाटाड्या होतो.

असाच एक मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत आला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाड हे त्याचे गाव. १८७२ साली जन्मलेला हा मुलगा कीर्तनकाराचा. घरात टाळ-मृदंग आणि अभंग यांचा सहवास. नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा भडका त्याच्या चेहऱ्यावर उडाला आणि डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेस डॉक्टर भडभडे यांच्याकडे आणले. दृष्टी पूर्ववत होईना. अक्षरे डोळ्यांपुढे नीट उभी राहीनात, तेव्हा शाळेची वाट बंद झाली. त्या वयाच्या मुलाला शाळा सुटल्याचा आनंद व्हावा. पण सुट्टी मिळणे वेगळे आणि शाळाच हरवणे वेगळे. बरोबरीची मुले पुस्तके घेऊन पुढे जात असता परगावी अंधुक उजेडात बसून राहणे, ही केवढी शिक्षा!

या मुलाला संगीत शिकवावे, असा सल्ला डॉक्टरांनीच दिला असे सांगतात. जे दार डोळ्यांसाठी मिटले, ते कानांसाठी उघडले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्या काळी मिरजेत होते. संस्थानिकांच्या आश्रयाने मुलगा त्यांच्यापाशी शिकू लागला. गुरुगृहीची विद्या त्या काळी वेळापत्रकाने मिळत नसे. पहाटेचा खर्ज, गुरूची सेवा आणि ऐकलेले मनात साठवून ठेवण्याची सवय, हीच शाळा आणि हीच परीक्षा. डोळे बरे करावयास आलेला तो मुलगा सुमारे नऊ-दहा वर्षे त्या गावी राहिला. १८९६ मध्ये तो मिरजेतून बाहेर पडला आणि १९०१ साली लाहोरास त्याने गांधर्व महाविद्यालय स्थापिले. विष्णु दिगंबर पलुसकर ते हेच. ज्याची शाळा सुटली होती, त्याने संगीताची शाळा उघडली. जी विद्या गुरूच्या घरी राहिल्याखेरीज मिळत नसे, ती फळ्यावर आणि पुस्तकात आणून त्यांनी सर्वसामान्यांच्या मुलांपर्यंत पोचविली.

विष्णूचा मिरजेतला अभ्यास चालू असतानाच कॅनडातून आलेला एक तरुण शल्यवैद्य त्या गावी येऊन दाखल झाला. विल्यम वानलेस हे त्याचे नाव. १८९२ मध्ये तो मिरजेत आला आणि १८९४ मध्ये त्याचे मिशन इस्पितळ उघडले. ऊन वेगळे, अन्न वेगळे, देव वेगळा, बोली वेगळी. परंतु दुखणे दुभाष्याच्या तोंडून पुरते कळत नाही. पोटात दुखते, कळ येते, मुरडा येतो, यांतला भेद रुग्णाच्याच शब्दांत ऐकावा लागतो. परक्या गावाची भाषा शिकणे ही तेथे हौस नसून गरज होती. हा परदेशी डॉक्टर १९२८ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, मिरजेत राहिला. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान वानलेसवाडी हे नाव आजही आहे. गाव आपल्या माणसाचे नाव असे जपून ठेवते.

तिसरा पाहुणा गळ्यात सूर घेऊन आला. अब्दुल करीम खाँ हे मूळचे उत्तरेकडील कैरान्याचे. तारुण्यात बडोदे, पुढे पुणे असा त्यांचा प्रवास झाला. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. पुण्यास १९१३ मध्ये त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले होते. पण पुढे संसाराची घडी विसकटली, ते पुणे सोडून निघाले आणि मिरजेत कायमचे स्थिरावले. येथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची गाढ श्रद्धा. दर्ग्यात गाऊन सेवा केल्यावर एका दुर्धर आजारातून ते उठले, अशी आख्यायिका गावात सांगितली जाते. खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदे गायली, कर्नाटक संगीताचा अभ्यास केला. उत्तरेचा हा गवई दक्षिणेच्या दारात असा सहज बसला, की जणू त्याच्यासाठीच ती जागा मोकळी ठेवलेली होती.

त्यांच्या स्थिरावण्याला गावातील आणखी एका गोष्टीची साथ होती. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्या कारागिरांची जुनी आळी आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी त्याच हातांत भोपळा आणि तुणाचे लाकूड घेतले. जागा न बदलताही मनुष्याला नव्याने वसावे लागते, याचे हे उदाहरण. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशी ही धडपड आहे. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. गवई आणि कारागीर यांची भाषा तेथे एक झाली.

तंबोरा तयार झाला म्हणजे लागलीच बोलत नाही. घोडीवर तार टेकते तेथे बारीक दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवावा लागतो. बराच वेळ सूर कोरडाच निघतो. मग एका नेमक्या जागी तार झणकारते आणि तिचा नाद भरून राहतो. यालाच जवारी म्हणतात. परक्या गावी राहणाऱ्याचेही असेच होते. तार तीच, घोडी तीच. नेमकी जागा सापडेपर्यंत सरकत राहण्याचा धीर तेवढा लागतो.

विष्णु दिगंबरांनी पुढे सारा देश पालथा घातला. लाहोर, मुंबई, नाशिक अशी त्यांची कर्मभूमी विस्तारत गेली. पण आयुष्याच्या अखेरीस ते मिरजेस परतले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. खाँसाहेबांचा शेवट मात्र दूर झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासकडून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले, फलाटावर बिछाना घातला आणि ईश्वराचे नाव सुरात घेत २७ तारखेस त्यांनी प्राण सोडला. त्यांचा देह कैरान्यास नेला नाही. तो मिरजेस आणून दर्ग्याच्या परिसरात दफन केला. मनुष्याचे गाव कोणते, या प्रश्नाला एवढे स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते.

दर साल मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीताची सभा भरते. दूरदूरचे गवई येतात, जुन्या चिंचेजवळ बसून गातात. त्यांपैकी बहुतेकांचे परतीचे तिकीट खिशात असते. तंबोऱ्याची जवारी मात्र ते येथल्याच कारागिराकडून लावून घेतात, आणि ती लागेपर्यंत धीराने वाट पाहत बसतात.