हवालदारमामांची शक्तिमान

यंत्रे मुकी असतात, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्याने यंत्रांच्या सहवासात आयुष्य वेचले आहे, त्याला तो मान्य होणार नाही. तान्ह्या मुलाच्या रडण्यावरून त्याला भूक लागली आहे की त्याचे पोट दुखत आहे, हे आई जशी ओळखते, तद्वत इंजिनाच्या आवाजावरून, धुरावरून आणि त्याच्या थांबण्याच्या तऱ्हेवरून जाणता कारागीर त्याचे दुखणे ओळखतो. मात्र त्याकरिता कान शांत असावा लागतो आणि मन अधीर असून चालत नाही.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावी असे एक कारागीर राहत. सैन्याच्या ई.एम.ई. दलात, म्हणजे युद्धसामग्रीची व वाहनांची दुरुस्ती करणाऱ्या दलात, नोकरी करून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. साऱ्या गावाचे ते हवालदारमामा होते. उंच, शिडशिडीत बांधा, पांढऱ्या मिशा आणि नखांच्या कडांत कायमचे मुरलेले काळे वंगण, हे त्यांचे रूप पोरासोरांच्याही परिचयाचे होते. ते मोजके बोलत. पाना उचलण्यापूर्वी मात्र ते पुष्कळ वेळ नुसते पाहत राहत. या सवयीमुळे काही उतावीळ माणसे त्यांना मंद समजत.

गावच्या दूध संस्थेने सैन्याच्या लिलावातून एक जुनी शक्तिमान ट्रक विकत घेतली होती, आणि ती चालविण्याचे काम मामांकडे आले होते. शक्तिमानचे नाव त्या काळी सैनिकांच्या घरोघरी ठाऊक होते. जर्मनीतील ‘मान’ या कंपनीच्या परवान्याने ही गाडी १९५९ पासून जबलपूर येथे तयार होऊ लागली, आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत तिने जवान व रसद वाहून नेली. तिच्या इंजिनाचे कूळही थोर होते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने आपले इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्गच्या ज्या कारखान्यात यशस्वी करून दाखविले, त्याच कारखान्यातून पुढे ‘मान’ कंपनी उभी राहिली. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सुटताच तो पेट घेतो. शक्तिमानच्या इंजिनात त्या फवाऱ्याचा बराचसा भाग दट्ट्याच्या माथ्यावरील वाटीसारख्या पोकळीच्या तप्त भिंतीवर पसरतो, आणि तेथून वाफ होऊन जळत जातो.

१९९० च्या दशकात या गाड्यांची निर्मिती थांबली. गावची गाडी तेव्हाच जुनी झाली होती. तिची मूळ टाकी गंजल्यामुळे तिला दुसरी टाकी बसविलेली होती. तरीही ती चालत होती. कारण मामा तिच्यावर हुकूम चालवीत नसत, तिची देखभाल करीत.

२००३ च्या उन्हाळ्यात त्या भागात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, ओढ्यांच्या पात्रांतून धूळ उडू लागली, आणि गावोगावच्या गुरांसाठी छावणी उघडावी लागली. छावणीत तीनशेच्या वर जनावरे होती. शक्तिमानवर पाच हजार लिटरची टाकी चढविण्यात आली, आणि पंधरा किलोमीटरांवरील एका विहिरीवरून ती रोज पाण्याच्या तीन खेपा करू लागली. मामांचा अठरा वर्षांचा सख्खा भाचा गाडीवर क्लीनर होता. डिझेल भरणे, चाके पाहणे, काचा पुसणे ही कामे त्याची. आणि मनातून मात्र त्याला मोठा मिस्त्री व्हायचे होते.

एका मंगळवारी तिसऱ्या खेपेला गाडी वाटेतच बंद पडली. अर्धा तास उभी राहिल्यावर ती पुन्हा सुरू झाली, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. बुधवारी पुन्हा तेच घडले. तालुक्याहून मिस्त्री आला, त्याने डिझेलचा फिल्टर बदलला आणि जाता जाता निदान सांगितले, “इंजेक्शन पंप बसलाय. उतरवून शहरात पाठवा. आठ दिवस तरी लागतील.”

आठ दिवस! संस्थेच्या पंचांनी एकमेकांकडे पाहिले. पंपाचा खर्च त्यांना पेलणारा नव्हता, आणि जनावरे तर एक दिवसही तहानलेली राहू शकत नव्हती. अखेर असे ठरले, की गाडी पुन्हा बंद पडली तर ती भंगारात द्यावी आणि मिळेल तेथून दुसरा टँकर भाड्याने पाहावा. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान हलविली.

गुरुवारी सकाळी विहिरीजवळच्या पंपावर भाच्याने डिझेलची टाकी काठोकाठ भरली. पाणी घेऊन गाडी घाटाला लागली आणि जेमतेम पाच किलोमीटर गेली असेल नसेल, तोच तिची ताकद हळूहळू ओसरली. दोन-तीन आचके देऊन ती चढावर थांबली. मामांनी हातब्रेक ओढला. भाच्याने उडी टाकून चाकांमागे धोंडे लावले आणि तो धावतच पान्यांची पेटी घेऊन आला.

“मामा, पंप खोलू या का?”

“थांब. आधी बस इथं.” मामा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. “गाडी बंद पडताना धूर कसा होता?”

भाचा विचारात पडला. “धूर... नव्हताच.”

“बरोबर. काळा धूर असता तर डिझेल जास्त आणि हवा कमी, असं समजलो असतो. धूर नाही, आवाज नाही, नुसती ताकद गेली. गाडी उपाशी आहे. डिझेल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ते कुठं अडलंय, एवढंच शोधायचं. आणि शोध सुरू करायचा टाकीपासून, पंपापासून नव्हे.”

मामांनी काडीने धुळीत रेघ ओढली. टाकीतून नळीने डिझेल येते. फीड पंप ते ओढून घेतो आणि फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरमधून ते इंजेक्शन पंपात जाते. आणि तेथून अत्यंत दाबाने नोझलमध्ये. इंजेक्शन पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधील फट एका मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांश भागाइतकी असते. घाटात, धुळीत तो पंप उघडणे म्हणजे धडधाकट माणसाला रोगी करणे होय. नोझलचा फवारा तर इतका तीव्र असतो, की त्यासमोर हात धरला तर तो कातडी भेदून आत शिरतो. म्हणूनच जाणता कारागीर सोप्या जागा आधी तपासतो आणि अवघड जागा सर्वांत शेवटी.

“आता सांग,” मामा म्हणाले, “गाडी बिघडण्याआधी शेवटी कोणी कशाला हात लावला होता?”

“मिस्त्रींनी फिल्टर बदलला.”

“तो बिघडल्यानंतर. त्याच्या आधी?”

भाचा खाली पाहू लागला. “ध्यानात नाही, मामा.”

मामांनी बॉनेट उघडले. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू त्यांनी सैल केला आणि फीड पंपावरील हाताने चालवायचा दांडा ओढला. डिझेलच्या नळीत कोठून तरी हवा शिरत असती, तर स्क्रूजवळ बुडबुड्यांचा फेस आला असता. कारण हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही, आणि हवेचे चार बुडबुडेही इंजिन बंद पाडण्यास पुरेसे होतात. परंतु बुडबुडे आले नाहीत. डिझेलही नीट येईना. दांडा वर ओढताना जड जात होता, आणि सोडताच कोणी खालून खेचावे तसा परत जात होता.

“घे, तू ओढून पाहा. काय कळतं?”

“जड आहे. मागं ओढतोय.”

“म्हणजे पंपाच्या पुढं अडथळा नाही, मागं आहे. टाकीकडून येणारी वाट कुणीतरी धरून ठेवली आहे.” मामा थोडा वेळ स्वस्थ राहिले आणि मग जणू स्वतःशीच बोलू लागले. “मंगळवारी टाकी अर्धी होती, तेव्हा गाडी दोन खेपा करून तिसरीला थांबली. आज टाकी भरलेली, तर पाच किलोमीटरांतच थांबली. टाकीत कचरा असता, तर त्याला टाकी भरलेली की रिकामी, याच्याशी काय कर्तव्य? टाकी भरलेली असताना तिच्यात डिझेल जास्त असतं. आणि कमी काय असतं?”

“हवा,” भाचा म्हणाला. आणि तो शब्द उच्चारताच त्याचा चेहरा उतरला.

त्याला सारे आठवले होते. सोमवारी सायंकाळी, टाकीत धूळ जाऊ नये आणि चढावर डिझेल हिंदकळून सांडू नये, म्हणून त्याने जुन्या ट्यूबची एक चकती कापून झाकणाला आतून बसविली होती. हे काम त्याने कोणालाही न विचारता केले होते. इतकेच नव्हे, तर त्याचा त्याला अभिमानही वाटला होता. झाकणाला एक बारीक छिद्र होते, ते चकतीखाली झाकले गेले. आता ही गोष्ट सांगावी, तर मिस्त्रीचे पैसे, पंचांचे बोलणे, दोन दिवसांचा खोळंबा, हे सारे आपल्या माथी येणार. न सांगावी, तर मामा काही क्षणांतच झाकणापाशी जाणार. की रात्री हळूच चकती काढून टाकावी? गाडी आपोआप बरी झाली, असे लोक म्हणतील! दरीच्या पलीकडे छावणीचे पांढरे छप्पर उन्हात दिसत होते. पाण्याच्या रिकाम्या हौदापाशी यावेळी गुरे उभी असतील, हे त्याला ठाऊक होते.

“मामा,” तो म्हणाला, “टाकीचं झाकण बघा. मी त्याला आतून रबर लावलंय. सोमवारी.”

मामांनी त्याच्याकडे पाहिले, परंतु ते काहीच बोलले नाहीत. दोघे टाकीजवळ गेले. “कान लाव,” मामा म्हणाले. त्यांनी झाकण किंचित फिरविले, आणि बाहेरची हवा सूंऽऽ असा लांब आवाज करीत आत शिरली. ओढलेला श्वास अखेर कोणी घ्यावा, तसा तो आवाज होता.

डिझेल जितके बाहेर जाईल तितकी हवा आत आली पाहिजे. ती न आल्यास टाकीत पोकळी निर्माण होते आणि ती पोकळीच डिझेलला मागे खेचू लागते. गाडी थोडा वेळ उभी राहिली, की रबराच्या कडेने हवा कशीबशी झिरपे आणि गाडी पुन्हा सुरू होई. टाकी भरलेली असली, की आत हवा मुळातच थोडी. म्हणून ती लवकर विरळ होई. साऱ्या गोष्टींचा मेळ बसला.

मामांनी चकती काढली आणि तारेने छिद्र साफ केले. आता फीड पंपाचा दांडा हलका झाला होता. स्क्रूमधून प्रथम फेसाळ आणि मग स्वच्छ, अखंड धार येताच त्यांनी भाच्याला स्क्रू आवळायला सांगितले. इंजिन दुसऱ्याच प्रयत्नाला सुरू झाले.

“मामा, रागावला नाहीत?” गाडी चढणीला लागल्यावर भाच्याने भीत भीत विचारले.

“धूळ जाऊ नये असं तुला वाटलं, यात वाईट काय? पण ते छिद्र कुणीतरी काही कारणानं ठेवलं असेल, हे विचारायचं राहिलं. ते विचारायला शीक. आणि लेका, झाकण मी उघडण्याआधी तू बोललास, हे मी पाहिलंय.” थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “चूक मीही केली. मंगळवारीच विचारायला हवं होतं. गाडी सुरू झाली म्हणून मी गप्प बसलो.”

त्या दिवशी तिन्ही खेपा झाल्या. शेवटची खेप अंधारात पोहोचली. सायंकाळी भाच्याने पंचांपुढे उभे राहून झालेली हकीकत आपण होऊन सांगितली. मामा मागे भिंतीला टेकून उभे होते. एक पंच काही बोलण्याच्या बेतात होता. पण मामांकडे दृष्टी जाताच तो थांबला. गाडी भंगारात देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याने झाकणाच्या छिद्रावर बारीक जाळी बसविली. धूळ अडली आणि हवाही खेळती राहिली. हे काम मात्र त्याने मामांना विचारून केले.

आज तो भाचा स्वतः मिस्त्री झाला आहे. हमरस्त्यालगत त्याचे छोटेसे गॅरेज आहे, आणि तेथे एका खिळ्यावर रबराची एक काळी, चिरलेली चकती टांगलेली आहे. बंद पडलेली गाडी घेऊन कोणी आला, की तो आधी त्याला बसायला सांगतो, पाणी देतो आणि मग विचारतो, “शेवटी कोणी कशाला हात लावला होता?” हा प्रश्न तो इतक्या सौम्यपणे विचारतो, की भ्यालेला क्लीनरही खरे काय ते सांगून टाकतो.