आधी कन्नड, मग फ्रेंच

"कॅनडाला जायचंय ना? मग फ्रेंच कशाला? तिकडं तर इंग्रजी चालतं!"

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, कारखान्यातल्या मैत्रिणींनी विचारला. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन मी वेळ मारून नेते. आज मात्र सगळं सविस्तर सांगते. कदाचित तुमच्याही घरात कुणी याच वाटेवर असेल.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि पहिली नोकरी शिरोली एमआयडीसीत धरली. 2017 मध्ये नवऱ्याला बेंगळुरू विमानतळावर कार्गोमध्ये काम मिळालं आणि आम्ही देवनहळ्ळीला राहायला आलो. 2008 मध्ये विमानतळ सुरू झाल्यापासून हे तालुक्याचं गाव बदलत गेलं. द्राक्षांच्या बागा नि नाचणीच्या शेतांच्या शेजारी विमानांचे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. त्यातल्याच एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. मशीनवरून उतरलेला भाग मोजायचा आणि केसाच्याही जाडीपेक्षा कमी फरक असला तरी तो बाजूला काढायचा, हे माझं काम. मुलगी इथंच जन्मली. आता ती सात वर्षांची आहे.

आता फ्रेंचचं कारण. एअरबसचं ए-220 नावाचं विमान आहे. 2024 च्या फेब्रुवारीत त्या विमानाची दारं बनवण्याचं काम बेंगळुरूच्या डायनामॅटिक टेक्नॉलॉजीज या कंपनीला मिळालं. तिचा विमानभागांचा कारखाना आमच्या देवनहळ्ळीतच आहे. मी त्या कंपनीत नाही, पण ती बातमी वाचली आणि हे विमान जोडतात कुठं ते शोधलं. उत्तर मिळालं, मिराबेल. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियल शहराजवळ. विमान उद्योगाची जगातली जी मोठी केंद्रं आहेत, त्यांत माँट्रियलचं नाव घेतात. म्हणजे माझ्यासारख्या तपासणी करणाऱ्या माणसाला तिथं काम असणार.

पण क्वेबेकची भाषा फ्रेंच आहे. 1977 च्या कायद्यानं तिथं कामाच्या जागीही फ्रेंच हीच रोजच्या व्यवहाराची भाषा ठरली. बाहेरून आलेल्या बहुतेक कुटुंबांच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंचमधूनच शिकावं लागतं. नोकरीसाठी कायमचं यायचं तर कुणाला निवडायचं, हेही क्वेबेक स्वतःच ठरवतं. त्यांची भाषा मोजायची 12 पायऱ्यांची पट्टी आहे. मी ज्या गटात अर्ज करणार आहे, तिथं बोलण्या-ऐकण्यात सातवी पायरी लागते, वाचण्या-लिहिण्यात पाचवी. आणि जोडीदार सोबत येणार असेल तर त्यालाही बोलण्या-ऐकण्यात चौथी पायरी गाठावी लागते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घरातली खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

पण आधी थोडं भाषेबद्दल. सातवी पायरी म्हणजे युरोपच्या मोजणीत बी-टू. शून्यापासून तिथं पोचायला साधारण 500 ते 600 तास धरतात. रोज एक तास दिला तर दीड वर्ष सहज जातं. वसंतनगरचं अलियाँस फ्राँसेझ आमच्यापासून पस्तीसेक किलोमीटर. हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडून रोज जाणं शक्यच नव्हतं. म्हणून आम्ही दोघांनी रात्रीचा ऑनलाइन वर्ग लावला.

पहिल्या महिन्यात मला एक गंमत कळली. फ्रेंच शब्द मी रोज कामावर वापरतच होते! विमानाच्या मधल्या धडाला आपण 'फ्यूजलाज' म्हणतो, तो शब्द फ्रेंच. पंखाच्या टोकाशी हलणारी पट्टी ती 'एलरॉन'. फ्रेंचमध्ये 'एल' म्हणजे पंख आणि 'एलरों' म्हणजे छोटा पंख. इंजिनाचं आवरण ते 'नासेल', मूळ अर्थ छोटी होडी. 'हँगर'सुद्धा त्यांचाच. शेपटीच्या भागाला 'आंपेनाज' म्हणतात, त्याचा संबंध बाणाला पिसं लावण्याशी आहे. इतकी वर्षं हे शब्द कागदावर लिहीत होते, त्यांचे अर्थ आता कळले.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी सोप्या जातात. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नसतं, कन्नडमध्येही सगळ्या वस्तू नपुंसकलिंगीच. आपण मात्र लहानपणापासून 'तो चहा, ती खुर्ची, ते टेबल' म्हणत आलोय. फ्रेंचमध्येही खुर्ची स्त्रीलिंगी आणि चहा पुल्लिंगी. दरवाजा मात्र तिकडं स्त्रीलिंगी होतो. तू आणि तुम्ही यांतला फरक इंग्रजी माणसाला समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. त्यांचं 'त्यू' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही.

आकड्यांनी मात्र घाम फोडला. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे 'चार वीस', आणि ब्याण्णव म्हणजे 'चार वीस बारा'. मी वैतागून हे सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग त्यात काय? चार विसा नि बारा. आमची आजी आंबं असंच मोजायची की!" माझ्या फ्रेंच आकड्यांची गाठ कोल्हापुरात बसून त्यांनी सोडवली.

पाण्याला फ्रेंचमध्ये नुसतं 'ओ' म्हणतात. सासूबाई सासऱ्यांना हाक मारतात तीच, "ओ, ऐकलं का?" गेल्या दिवाळीत ते इकडं आले होते. आजीनं 'ओ' म्हटलं की नात धावत पाण्याचा पेला घेऊन यायची. आम्ही हसून हसून बेजार.

आता नवऱ्याची गोष्ट. त्याला विचारूनच लिहितेय.

वर्गात व्याकरणाच्या चाचणीत त्याचे गुण नेहमी माझ्यापेक्षा जास्त. क्रियापदांची रूपं तो पाढ्यांसारखी म्हणतो. पण बोलायची वेळ आली की कॅमेरा बंद. 'नेट गेलं' असं लिहून मोकळा. सहा महिने असंच चाललं. मी बी-वनचा वर्ग सुरू केला, तो तिथंच. एका रात्री जेवण झाल्यावर म्हणाला, "तू एकटीच अर्ज कर. मी आणि पोरगी मागून बघू."

मी चौतीस वर्षांची आहे. अशा अर्जांमध्ये तिशीनंतर वयाचे गुण दर वाढदिवसाला कमी होत जातात, म्हणजे थांबायला फार वेळ नाही. आणि एकटीनं जायचं, मागून किती वर्षांनी हे दोघं येणार ते ठाऊक नाही, तेही मला पेलणारं नव्हतं. त्या रात्री आम्ही भांडलो नाही, पण झोपही लागली नाही.

पडल्या पडल्या मी विचार करत होते, मला बोलता येतं आणि याला का येत नाही? मी काही जास्त हुशार नाही. मग लक्षात आलं. मला हे सगळं आधी एकदा करावं लागलं होतं. कारखान्यात मशीनवरचे लोक आसपासच्या खेड्यांतले, विजयपुरा, दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूरकडचे. त्यांच्याशी इंग्रजीत बोलून काम होत नव्हतं. 'हा भाग परत मोजा', 'इथं ओरखडा आहे' हे मला कन्नडमध्येच सांगावं लागे. पहिले सहा महिने माझं कन्नड ऐकून सगळी लाइन हसायची. हसायची आणि बरोबर शब्दही सांगायची. तेव्हा माझी लाज मोडली ती कायमची. फ्रेंचच्या वेळी ती उरलीच नव्हती.

नवऱ्याचं तसं नव्हतं. कार्गोमध्ये देशभरचे लोक, सगळं हिंदी-इंग्रजीत भागतं. इतक्या वर्षांत त्याचं कन्नड 'स्वल्प' आणि 'गोत्तिल्ल' यांच्या पुढं गेलं नव्हतं. सकाळी मी त्याला विचारलं, "तू कन्नड का बोलत नाहीस?" म्हणाला, "चुकलो तर लोक हसतील."

मग ठरलं. फ्रेंच बोलण्याचा विषय तीन महिने काढायचा नाही. त्याऐवजी आठवड्याचा बाजार त्यानं करायचा, एकट्यानं, कन्नडमध्ये.

पहिल्या रविवारी बारा लिंबं आणायला गेला आणि बावीस घेऊन आला. 'हन्नेरडु' म्हणायचं ते 'इप्पत्तेरडु' म्हणाला होता. भाजीवाल्या अज्जी हसल्या, हाही हसला, आणि आमच्या घरात लिंबाचं लोणचं पडलं. हळूहळू तो भाव करायला लागला. एका अज्जींशी तर पपनसांवरून ओळखच झाली. देवनहळ्ळीची पपनसं प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकन आहे. कन्नडमध्ये त्यांना 'चक्कोत' म्हणतात. फ्रेंचमध्ये पपनसाला काय म्हणतात ते त्यानं घरी येऊन शोधलं, 'पाम्प्लमूस'. म्हणाला, "बघ, हे तर पपनसाच्या नात्यातलंच वाटतं!" त्या दिवशी तो तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून एक फ्रेंच शब्द मोठ्यानं बोलला होता.

पुढच्या महिन्यात वर्गात त्यानं कॅमेरा सुरू केला. बाजारात काय काय घेतलं ते सांगायचं होतं. पाच वाक्यांत सात चुका झाल्या, पण तो थांबला नाही. बाई काही बोलायच्या आत आमची मुलगी मागून टाळ्या वाजवत होती.

आता आमच्या घरात एक नियम आहे. रात्री नऊ ते साडेनऊ फक्त फ्रेंच. कशीही, मोडकी-तोडकी. त्या अर्ध्या तासात कुणी कुणाची चूक काढायची नाही. चुका वहीत लिहून ठेवायच्या आणि नंतर बघायच्या.

या वाटेनं जाणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगते. 'तीन महिन्यांत फ्रेंच, पीआर पक्का' अशा पाट्या तुम्हाला दिसतील. भाषेला लागतात ते तास लागतातच आणि पक्कं असं कुणीच देऊ शकत नाही. नियम बदलत राहतात, ते सरकारी संकेतस्थळावरच बघा. क्वेबेकबाहेरच्या कॅनडासाठीही फ्रेंचचा उपयोग होतो. केंद्र सरकारच्या एक्स्प्रेस एंट्रीत चांगल्या फ्रेंचचे 50 पर्यंत जादा गुण आहेत. टीईएफ आणि टीसीएफ या परीक्षांचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून घाईनं देऊन ठेवू नका. ऐकण्याच्या सरावासाठी फ्रान्सच्या आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र आहे, फुकट आहे. मी बसमध्ये रोज ऐकते. आणि पुस्तकातलं फ्रेंच वेगळं, क्वेबेकचं वेगळं, हेही ध्यानात ठेवा. फ्रान्समध्ये 'देज्यने' म्हणजे दुपारचं जेवण, क्वेबेकमध्ये तोच शब्द सकाळच्या नाश्त्याला. पुण्याचं मराठी आणि कोल्हापूरचं मराठी ज्यांनी ऐकलंय, त्यांना याचं नवल वाटायला नको.

रविवारी कधी कधी आम्ही देवनहळ्ळीच्या किल्ल्यावर जातो. टिपू सुलतानचा जन्म याच गावातला. त्याचे वकील 1788 मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या दरबारात मदत मागायला गेले होते, आणि हवी ती मदत न मिळताच परतले. मुलगी विचारते, "त्यांना फ्रेंच येत होतं का?" मी म्हणते, "ठाऊक नाही, पण आपल्याला यायला हवं."

आमचं काय होईल, ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात दोघांचीही परीक्षा आहे. माझे बाबा म्हणतात, "जावा, पण नातीचं मराठी सोडू नका." त्यांचं बरोबर आहे. शाळेत कन्नड, घरात मराठी हे तिला जमलंच आहे. उद्या शाळेत फ्रेंच आलं तरी घरात मराठीच राहील. परीक्षेत नापास झालो तर पुन्हा देऊ, आणि तोवर बाजार नवराच करेल. गेल्या आठवड्यात भाजीवाल्या अज्जींनी त्याला विचारलं म्हणे, "तुमचं गाव कुठलं?" तो कन्नडमध्ये म्हणाला, "कोल्हापूर. पण आता इथलाच."

तुमच्या घरातही कुणी नवी भाषा शिकत असेल. तिकडं जायला फ्रेंच किंवा जर्मन, किंवा इकडं आलेल्या सुनेची कन्नड, किंवा आजोबांची मोबाइलवरची इंग्रजी. त्यांना पुस्तक आणून द्या, वर्ग लावून द्या. आणि ते पहिल्यांदा चुकतील तेव्हा त्यांच्यासोबत हसा, त्यांना हसू नका.